ईसीजी नॉर्मल आला, पुढे काय?

आपल्याकडे ज्या माणसाचं सगळ्यात जास्त कौतुक होतं ना, तोच आतून सगळ्यात जास्त घाबरलेला असू शकतो, असं माझं मत झालंय आणि ते दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. म्हणजे बघा, ती वहिनी जिचं सगळं वेळच्या वेळी असतं, जी झोपायच्या आधी गॅस बंद आहे का ते तीनतीनदा उठून बघते, पोरगं क्लासवरून यायला दहा मिनिटं उशीर झाला की तिचं मनातल्या मनात अ‍ॅक्सिडेंट, हॉस्पिटल, पोलीस सगळं करून झालेलं असतं आणि पोरगं दारात आलं की फक्त "हातपाय धू" म्हणते. किंवा ऑफिसातला तो मुलगा, रात्री साडेअकराच्या मेललाही पाच मिनिटांत उत्तर देणारा. किंवा ते काका, गाडी सातची आणि हे सहाला फलाटावर. आपण काय म्हणतो, किती जबाबदार, किती शिस्तीचे. अप्रेजलला चांगलं रेटिंग मिळतं, लग्नकार्यात सगळी कामं ह्यांच्याच गळ्यात पडतात, आणि कुणी एकदाही विचारत नाही की बाबा रे, हे तू आवडीने करतोयस की नाही केलं तर काहीतरी भयंकर होईल म्हणून करतोयस.

आता मानसिक आरोग्याबद्दल पूर्वीपेक्षा बरंच बोललं जातं, चांगलंच आहे. पण ते बोलणं फिरून फिरून "मोकळं व्हा, बोलतं व्हा" वर येऊन थांबतं. दहा ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन आला की पोस्टर लागतात, आणि पोस्टरवर कोण तर अंधाऱ्या खोलीत गुडघ्यात डोकं घालून बसलेला माणूस. मी वर सांगितलेली मंडळी त्या चित्रात कुठेच नसतात, ती कामावर गेलेली असतात! त्यांना स्वतःलाही वाटत नाही की हे आपल्याबद्दल चाललंय. दिवस नीट पार पडतोय, पोरांची फी भरली जातेय, मग आजार कसला. म्हणून माझं म्हणणं असं की ही छुपी अँग्झायटी, म्हणजे चिंतेचा आजार, ओळखायचं काम ज्याला ती आहे त्याच्यावरच टाकून मोकळं होता येणार नाही. ते काम गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरनं करायला हवं, आणि त्याला ते करता येईल अशी व्यवस्था सरकारने आणि विमा कंपन्यांनी करायला हवी.

फॅमिली डॉक्टरच का, तर ही माणसं मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाहीत पण डॉक्टरकडे जातच असतात, उलट इतरांपेक्षा जास्तच जातात. चिंता मनात राहते असं आपण धरून चाललोय, ती राहते पोटात, मानेत, जबड्यात. वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी सकाळी उपाशीपोटी चालू असते. घरातून निघायच्या आधी दोनदा संडासला जावं लागतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याचं कुणाला काही वाटत नाही, "ह्यांचं पोट नाजूक आहे" म्हणून घरादाराने मान्य केलेलं असतं. मान आखडते, डोकं दुखतं, झोप लागते पण पहाटे तीन-साडेतीनला टक्क जाग येते आणि मग हिशेब सुरू होतात. आणि कधीतरी एखाद्या रात्री छातीत धडधड, घाम, हातापायाला मुंग्या, जीव जातोय की काय असं होतं, रिक्षा करून हॉस्पिटल, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, आणि सगळं नॉर्मल. डॉक्टर हसून म्हणतात, काही नाही हो, टेन्शन आहे, टेन्शन घेऊ नका. बिल भरून घरी.

ह्या "काही नाही" वर माझा राग आहे. कारण जे झालं ते काही नाही असं नसतं, ते काय होतं हे दोन मिनिटांत सांगता येतं. माणूस घाबरला की श्वास भराभर घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, तो कमी झाला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते, आणि हे सगळं झालं की माणसाला वाटतं आता अटॅकच आला, मग आणखी भराभर श्वास. असा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो, पण ती दहा मिनिटं ज्याने काढलीत त्याला विचारा. एवढं जर कुणी कागदावर काढून समजावलं तर पुढच्या वेळची निम्मी भीती कमी होईल. तेच न सांगता घरी पाठवलं तर माणूस दोन गोष्टी शिकतो, एक म्हणजे आपल्याला जे झालं ते खोटं होतं, आणि दुसरं म्हणजे ते परत कधीही होऊ शकतं. (छातीत पहिल्यांदा दुखलं तर आधी ईसीजीच काढायचा हं, "लेखात वाचलं टेन्शन असतं" म्हणून घरी बसायचं नाही. थायरॉईड वाढलेलं असलं तरी धडधड, घाम, हात थरथरणं हे सगळं होतं, तेही तपासून घ्यायचं. माझा मुद्दा सगळं नॉर्मल आल्यानंतरचा आहे.)

ह्यावर लगेच येणारं बोलणं मला पाठ आहे. टेन्शन कुणाला नाही, आमच्या आईबापांनी दुष्काळ बघितला, गिरणी संप बघितला, त्यांना कुठे झाली अँग्झायटी, आता सगळ्याचाच आजार करायचा का. ह्यातलं शेवटचं वाक्य मी गंभीरपणे घेतो, कारण ते खरं आहे. ज्याच्या घराचा हप्ता पगाराच्या निम्मा आहे आणि नोकरी अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, त्याला चिंता वाटणं हा आजार नाही, उलट न वाटली तर बघायला लागेल. अमेरिकेत एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या पोराची नोकरी गेली की दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात, त्या ६० दिवसांत तो आणि इकडे त्याचे आईवडील झोपत नसतील तर त्यांना समुपदेशन नको, नोकरी हवी. पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत बसलेल्या एमपीएससीच्या पोरांचंही तेच, परीक्षेच्या तारखा आणि पॅटर्न बदलत राहणार आणि आपण त्यांना ध्यान शिकवणार, हा अन्यायच आहे. आणि मोठे मोठे उद्योगपती आठवड्याला ७० तास काम करा म्हणतात, मग कुणी ९० म्हणतो, आणि त्याच कंपन्यांत वर्षातून एकदा वेलनेस वेबिनार असतं, तेही लंच टाइममध्ये.

पण आईबापांना झाली नव्हती हे मात्र मला पटत नाही. झाली होती, नाव नव्हतं. "जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर" हे वेगळं निदान म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत आलं तेच १९८० साली. त्याआधी आपल्याकडे आजीला "धास्ती घ्यायची सवय" होती, मावशीला "बीपी" होतं, आजोबा "तापट" होते. आजोबांचं तर खास बघण्यासारखं आहे. पुरुषाने भीती वाटते म्हणायची सोय नाही, मग ती चिडचिडीच्या रूपाने बाहेर येते, ताटात मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावणारा माणूस दुपारपासून कसली तरी धास्ती घेऊन बसलेला असू शकतो. संध्याकाळी दोन पेग मारल्याशिवाय ज्याचे खांदे सैल पडत नाहीत तो पण. जगभरातल्या आकड्यांत अँग्झायटीचे आजार बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट दिसतात, त्याला शरीराची आणि बाईच्या जगण्याची खरी कारणं आहेतच, पण मला शंका आहे की पुरुषांची बरीचशी दारूच्या आणि रागाच्या खात्यात जमा होत असणार.

मग साधी चिंता आणि आजार ह्यात फरक करायचा कसा? पुस्तकी उत्तर असं की सहा महिने किंवा जास्त, बहुतेक सगळे दिवस, आवरता न येणारी काळजी, आणि सोबत अस्वस्थपणा, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोपेची बोंब, ह्यातलं काही. ते ठीक आहे. पण रोजच्या जगण्यात माझ्या मते दोन खुणा जास्त कामाच्या आहेत. पहिली, कारण संपलं तरी काळजी संपत नाही, फक्त जागा बदलते. पोरगं बारावी पास झालं, आता अ‍ॅडमिशन. अ‍ॅडमिशन झाली, आता हॉस्टेलचं जेवण. रिपोर्ट चांगला आला, मग लॅब बरोबर असेल का. खरी अडचण सुटली की साधा माणूस दोन दिवस तरी निवांत झोपतो, ह्याला ते दोन दिवस मिळतच नाहीत.

दुसरी खूण जास्त महत्त्वाची आणि जास्त लपलेली, ती म्हणजे माणूस काय काय करायचं सोडून देतो ते. माझ्या ओळखीत एकजण आहेत, ठाण्याहून मुंबईला कामाला, कित्येक वर्षं फास्ट लोकल सोडून मुद्दाम स्लोने जायचे. गर्दी कमी असते म्हणायचे. खरं कारण बऱ्याच वर्षांनी सांगितलं की स्लो दर दोन-चार मिनिटांनी थांबते, काही झालं तर उतरता येतं, फास्टमध्ये मधे उतरायची सोयच नाही. आता बघा, ह्या माणसाने एक दिवस दांडी मारली नाही, कुणाला काही कळलं नाही, पण रोज जास्तीचा वेळ आणि हळूहळू बाकीचंही जात गेलं, नाटकाला गेलं तर कडेची खुर्ची, लग्नात जेवून लगेच निघायचं, लिफ्ट नको, लांबचा प्रवास नको. आयुष्य इंचाइंचाने लहान होत जातं आणि प्रत्येक वेळी एक शहाणपणाचं कारण तयार असतं. म्हणून घरच्यांनी "तुला कसली चिंता वाटते का" असं विचारून उपयोग नाही, उत्तर नाही असंच येणार. त्यापेक्षा तुम्ही अलीकडे काय बंद केलंत ते विचारा.

आता घरच्यांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो की आपण प्रेमाने जे करतो त्यातलं बरंचसं उलटं काम करतं. "काही होणार नाही, मी आहे ना" हे वाक्य. ते ऐकून दहा मिनिटं बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं हीच गोम आहे. फोन केला, उत्तर मिळालं, जीव भांड्यात पडला. मेंदू काय शिकला, तर फोन केला म्हणून वाचलो. पुढच्या वेळी धीर अजून लवकर सुटतो आणि दोन फोन लागतात. गॅस बघण्याचं तेच, रात्री दोन वाजता गूगलवर लक्षणं शोधण्याचं तेच, लास्ट सीन बघत बसण्याचं तर विचारूच नका. प्रत्येक खात्री ही पुढच्या काळजीची उधारी असते. त्यामुळे सावरायची सुरुवात अगदी क्षुल्लक वाटेल अशा ठिकाणी होते, एकदा गॅस बघितला की परत उठायचं नाही आणि जी बेचैनी येईल ती येऊ द्यायची. ती येते, पंधरा-वीस मिनिटं चांगलीच छळते, आणि मग काहीही न करता उतरते. हे स्वतःच्या अंगाने बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. फास्ट लोकलचंही तसंच, आधी एक स्टेशन सोबत कुणी घेऊन, मग एकट्याने, मग दोन. ठरवून, रोज, आणि मधे उतरायचं नाही.

आणि हे काही कालपरवा परदेशातून आलेलं फॅड नाही. अल्बर्ट एलिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास आपली विचारांवर काम करणारी उपचारपद्धती मांडली, आणि ती कि. मो. फडक्यांनी "विवेकनिष्ठ मानसोपचार" म्हणून मराठीत कधीच आणून ठेवलीय. ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करतेय. म्हणजे साध्या मराठीत, आपल्या उदाहरणांनी समजावणारी माणसं आपल्याकडे तीन दशकांहून जास्त काळ आहेत. त्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते. पोराला चांगले मार्क मिळावेत ही इच्छा आहे, त्यात काही वावगं नाही. ते मिळालेच पाहिजेत, नाहीतर सगळं संपलं, असा जेव्हा आपण स्वतःलाच हुकूम सोडतो तेव्हा पोटात गोळा येतो. आपल्या चिंता कागदावर लिहून काढल्या की त्यातले असे हुकूम दिसायला लागतात. तारीख घालून लिहायचं की अमुक होणार अशी भीती वाटतेय, आणि आठवड्याने उघडून बघायचं काय झालं. बहुतेक भाकितं पडलेली दिसतात. चिंतेला दिवसातली ठरलेली वीस मिनिटं द्यायची आणि पहाटे तीनला ती आली तर तिला संध्याकाळी सहाची वेळ द्यायची, हा उपायही ऐकायला विनोदी आहे पण चालतो. बाकी चहा कमी करा, चाला, श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा, हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते खरंच आहे, त्यावर जास्त काय बोलायचं.

गोळ्यांवर मात्र बोलायला हवं, कारण तिथे आपला कारभार उलटाच आहे. मानसोपचारतज्ज्ञ जी चिंतेवरची नेहमीची औषधं देतात त्यांना गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यांची नशेसारखी चटक लागत नाही, फक्त बंद करताना डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू करायची असतात. त्यांना लोक घाबरतात, "आयुष्यभर चिकटतील" म्हणून. आणि जिची खरोखर सवय लागते ती अल्प्राझोलाम, मन लगेच शांत करणारी गोळी, तिची अर्धी गोळी शेजारीण शेजारणीला देते, "झोप छान लागते बघ" म्हणून! हे औषध शेड्यूल एच-वन मधलं आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि केमिस्टने रजिस्टरमध्ये डॉक्टरचं, पेशंटचं नाव लिहून ते तीन वर्षं ठेवायचं असतं. प्रत्यक्षात जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं चालू असणारे किती असतात ते आपापल्या घरातल्या औषधाच्या डब्यात बघा.

ह्या सगळ्याच्या मागे डॉक्टरकडे जायची लाज आहे हे तर आहेच. येरवडा आणि ठाणे ही नावं घेऊन विनोद करत आपण मोठे झालोय, "ह्याला येरवड्याला पाठवा", तेव्हा पस्तिशीतली बाई अ‍ॅसिडिटीच्या मागे चिंता आहे म्हणून मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढेल ही अपेक्षाच जास्तीची आहे. आणि चढायची ठरवली तरी पायरी आहे कुठे, देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पडत नाही, आणि जे आहेत ते शहरांत. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली, त्यात मोठ्या माणसांपैकी साधारण १०.६ टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

म्हणून मी म्हणतो की बीपी बघतो तसं हे बघा. सात प्रश्नांची एक साधी चाचणी २००६ पासून जगभर वापरात आहे, जीएडी-सेव्हन म्हणतात तिला, गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी थांबवता आली का, असले प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१, आणि दहा किंवा वर आले तर नीट तपासायचं. तिचं दोन प्रश्नांचं छोटं रूपही आहे. वेटिंगमध्ये बसल्या बसल्या पेशंट भरू शकतो. त्याने निदान होत नाही, पण डॉक्टरला पुढचा प्रश्न विचारायला निमित्त मिळतं, आणि जो माणूस आपणहून कधीच बोलणार नाही तो कागदावर टिक मात्र करतो. डॉक्टर म्हणतील वेळ कुठे आहे, बाहेर तीस पेशंट बसलेत. पण त्या तीसमधले काही दर महिन्याला त्याच अ‍ॅसिडिटीसाठी, त्याच चक्करेसाठी येतायत आणि तोच वेळ आत्ताही खर्च होतोय, फक्त वाया जातोय.

टिक झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, १४४१६ नंबर, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि डॉक्टरांच्या टेबलावर त्याचं साधं स्टिकर असायला काय हरकत आहे ते मला कळत नाही. पण फोनने सगळ्यांचं भागणार नाही, काहींना आठवड्याला एक असे दहा-बारा वेळा समोर बसून काम करावं लागेल, आणि शहरात त्याचे दर वेळी हजार-दीड हजार सहज जातात. तिथे विम्याचा प्रश्न येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम २१ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं. कंपन्या दिलं म्हणतात, आणि कागदावर दिलेलंच आहे. फक्त बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात भरती झाल्यावर चालतात, आणि मी ज्या माणसांबद्दल इतका वेळ बोलतोय ती कधी भरती होतच नाहीत, त्यांचा आजारच असा आहे की ती रोज कामावर जातात. तेव्हा ओपीडीतल्या समुपदेशनाचा खर्च पॉलिसीत सक्तीने घ्या ही मागणी करायला हवी, ग्राहकांनी, कर्मचारी संघटनांनी, आणि ग्रुप पॉलिसी घेणाऱ्या कंपन्यांच्या एचआरने तर आधी. वेलनेस वेबिनारच्या पैशात किती जणांची सेशन्स होतात त्याचा हिशेब त्यांनाच चांगला करता येईल.